राणीगंजचा ‘वरचा’ थर ४०५ मीटर खाली कसा गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे वणीचे, आता अंधेरीला एका कंपनीच्या वित्त विभागात आहेत. कंपनी पश्चिम बंगालमधल्या राणीगंज पट्ट्यातला एक कोळसा ब्लॉक घ्यायच्या विचारात आहे आणि भूशास्त्रीय अहवाल वाचायचं काम यांच्या गळ्यात पडलं आहे. अहवालात लिहिलंय की थर ‘राणीगंज समूहातले, म्हणजे वरच्या कोळसा-थरांतले’ आहेत. साहेबांचं म्हणणं, वरचे म्हणजे उथळ, म्हणजे खर्च कमी. पण उत्तरेकडून दक्षिणेकडे एका रांगेत घेतलेल्या चार बोअरमध्ये (बोअर म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेलं खोल छिद्र) तोच थर ९२, १४३, १९८ आणि ४०५ मीटरवर दाखवलाय. शिवाय दुसऱ्या बोअरमध्ये व्होलाटाइल, म्हणजे कोळसा तापवला की वायू होऊन उडणारा भाग, फक्त ८ टक्के आणि बाकीच्यांत ३३-३४. साहेब त्यावरही खूश, ‘हा तर अँथ्रासाइट!’, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीचा कठीण कोळसा. अहवाल चुकलाय का, आणि आमच्या वणीला एकच जाडजूड थर असतो तसा इथे का नाही, असे त्यांचे प्रश्न.

मी तीसेक वर्षं कोळशाच्या शोधात बोअरच्या तंबूंत काढली, अर्धी चंद्रपूर-यवतमाळकडे आणि काही वर्षं बंगालमध्ये. आता मुलुंडला निवांत आहे. ब्लॉक पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही अशा गोष्टी यात बऱ्याच आहेत, त्या जिथे येतील तिथे सांगतो. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून अहवाल चुकल्यासारखा वाटत नाही. गोंधळ ‘वरचा’ या शब्दाने केलाय.

आमच्या धंद्यात वरचा म्हणजे नंतर साचलेला. जमिनीपासून किती खोल, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. दामोदर खोऱ्यात, राणीगंज ज्यात येतं, तळाशी तालचीर समूह आहे, हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा आणि हिरवट शेलचा (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक). त्यावर बराकर, हे खालचे कोळसा-थर, साधारण २८-२९ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यावर काही शे मीटर कोळशाविना जातात, लोहयुक्त गाठी असलेल्या काळ्या शेलचे. त्यांना ‘बॅरन मेझर्स’ म्हणतात, म्हणजे वांझोटे थर. आणि त्यावर राणीगंज समूह, म्हणजे वरचे कोळसा-थर, पर्मियन काळाच्या शेवटाकडचे, २५-२६ कोटी वर्षांपूर्वीचे. राणीगंज समूहाचीच जाडी तिथे हजार मीटरच्या आसपास जाते. त्याच्याही वर पंचेत समूह, लालसर आणि हिरवट मातकट थरांचा, त्यात कोळसा नाही. म्हणजे ज्याला ‘वरचा’ म्हणतात त्याच्या डोक्यावरसुद्धा आणखी शेकडो मीटर दगड असू शकतो.

आता हा सगळा ढीग सपाट राहिलेला नाही. राणीगंजचं खोरं दक्षिणेकडे कललेलं आहे आणि दक्षिणेच्या कडेला एक मोठा प्रस्तरभंग आहे, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग. त्यामुळे उत्तरेला जुने थर उघडे पडतात आणि दक्षिणेकडे जावं तसतसे नवे थर पृष्ठभागावर येतात, जुने खाली बुडतात. हे डोळ्यांपुढे आणायला बंगालला जायची गरज नाही. मुंबईतलेच खडक पाहा. आपल्याकडचे लाव्हाचे थर पश्चिमेला, समुद्राकडे कलले आहेत. म्हणून पूर्वेकडून मलबार हिल-वरळीकडे गेलं की आपण नव्या थरांवर पोचतो. तिथला काळा बसाल्ट शहरातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्या थरांपैकी आहे, आणि तरी त्याच्यावर लाटा आपटतात. घाटात जुने लाव्हाथर मात्र हजार मीटर उंचीवर बसलेत. क्रम आणि उंची यांची अशी फारकत होते.

साहेबांना पटवायला आणखी एक दाखला द्या. आसनसोलच्या पश्चिमेला, दामोदरच्या काठी चिनाकुरीची खाण आहे. देशातल्या सर्वांत खोल कोळसा खाणींमध्ये तिचं नाव घेतलं जातं, ६०० मीटरच्या खाली. तिथला थर कुठला? डिशेरगढ थर, राणीगंज समूहातला, ‘वरच्या’ कोळशातलाच. तो वायूने भरलेला थर आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये तिथे स्फोट झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वरचा म्हणजे सोपा असं ज्यांना वाटतं त्यांनी चिनाकुरीचा चानक एकदा तोंडातून वाकून पाहावा. (चानक म्हणजे उभी खाण-विहीर. त्या भागात सगळे हाच शब्द वापरतात.)

आता तुमच्या चार आकड्यांकडे येऊ. खोलीची तुलना खोलीशी करू नका. बोअर कुठल्या उंचीवर सुरू झालं त्यावर खोली बदलते. थराचा तळ समुद्रसपाटीपासून किती वर किंवा किती खाली आहे, हा आकडा काढायचा. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात पहिल्या बोअरचं तोंड १०८ मीटर उंचीवर आहे, तिसऱ्याचं १०० आणि चौथ्याचं ९६. म्हणजे थराचा तळ पहिल्यात अधिक १६, तिसऱ्यात उणे ९८ आणि चौथ्यात उणे ३०९. पहिल्यापासून तिसरं बोअर १७०० मीटर दूर. तेवढ्यात थर ११४ मीटर उतरला, म्हणजे चार अंशांपेक्षा जरा कमी उतार. दुसरं बोअर पहिल्यापासून ८०० मीटरवर, तोंड १०४ मीटर. त्याच उताराने तिथे थर उणे ३८ च्या आसपास यायला हवा आणि तो उणे ३९ ला आहे. चोख बसतंय. त्या भागात थर साधारण असेच मंद उतरतात, ५-१० अंशांच्या आतबाहेर, तेव्हा यात आश्चर्य काही नाही.

खरी मेख तिसऱ्या आणि चौथ्यात आहे. अंतर ९०० मीटर, आणि थर खाली गेला २११ मीटर. जुन्याच उताराने जेमतेम ६० मीटर जायला हवा होता. मग उरलेले दीडशे मीटर कुठून आले? शक्यता दोन. एक, दक्षिणेकडे उतार तीव्र झाला, तिथे तो १३ अंशांच्या पुढे असेल. दुसरी, मध्ये एक प्रस्तरभंग आहे आणि त्याच्या दक्षिणेचा भाग दीडशे मीटर खाली घसरला आहे. पैशांच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. नुसता उतार असेल तर खाण थरामागे उतरत जाते. दीडशे मीटरचा भंग असेल तर थर तुटतो, गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा, दगडात घुसते, भंगाच्या दोन्ही बाजूंना कोळसा सोडून द्यावा लागतो, पाणी आणि वायू आत यायला फट मिळते, आणि दक्षिणेच्या तुकड्यासाठी बहुधा वेगळा चानक लागतो. एका ब्लॉकचे दोन ब्लॉक होतात, पण किंमत मात्र एकाचीच धरलेली असते.

कुठली शक्यता खरी, ते कसं ओळखायचं? याचं उत्तर तुमच्या अहवालाच्या परिशिष्टात असायला हवं. बोअरमधून दगडाचा जो गोल दांडा, म्हणजे गाभा, निघतो, त्यावर थरांच्या रेघा किती तिरक्या आहेत ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं. चौथ्या बोअरच्या गाभ्यात रेघा १२-१४ अंशांनी कललेल्या दिसत असतील तर उतार वाढलाय. तिथेही तीन-चार अंशच असतील तर मध्ये भंग आहे, मग नकाशावर तो काढलेला असो वा नसो. चुरा झालेला दगड, गुळगुळीत घासलेल्या फटी, एखाद्या बोअरमध्ये ओळखीचे थर गायब होणं, ही त्याची आणखी चिन्हं. माझा अंदाज भंगाच्या बाजूला झुकतो, पण तो अंदाजच. दक्षिण सीमेजवळ थर खरोखरच तीव्र होतात आणि तुमचा ब्लॉक तिच्यापासून किती लांब आहे हे मला ठाऊक नाही.

इथे एक गृहीतकही तपासायला हवं: चारही बोअरमधला थर एकच आहे. राणीगंज समूहात थर अनेक. बराकरचे बी-१, बी-२ असे आणि राणीगंजचे आर-१ ते आर-१० असे क्रमांक दिलेले असतात, शिवाय डिशेरगढ, पोनियाटी, नेगा, जांबाद अशी जुनी खाणवाल्यांची नावं. हे थर फुटतात, पुन्हा जुळतात. दलदल साचताना एका बाजूची जमीन जास्त खचली तर तिथे मध्येच वाळू-चिखल शिरतो आणि एका थराचे दोन होतात. माझ्याच हातून हे झालंय. नव्याने बंगालला गेलो होतो, वर्धा खोऱ्याची सवय. तिथे एकदा कोळसा लागला की लागला, दुसरा शोधायचाच नाही. मी दोन बोअरमधले थर जाडी आणि खोली पाहून जोडून टाकले. एक वयस्कर बंगाली भूशास्त्रज्ञ आले, त्यांनी कोळशाकडे पाहिलंच नाही. गाभा ज्या पेट्यांत ठेवतात त्यांतल्या एकीतला त्याच्या छताचा दगड उचलला, मग दुसऱ्या पेटीतला, आणि म्हणाले, ‘छत वेगळं आहे, घर एकच कसं असेल?’ मी फुटलेल्या थराची वरची फांदी एका बोअरमध्ये आणि खालची दुसऱ्यात धरली होती. ते निस्तरायला दोन जादा बोअर घ्यावी लागली आणि महिनाभर तंबूत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

तेव्हापासून मी कोळसा शेवटी पाहतो. आधी त्याच्या वरचा-खालचा दगड. बराकरचा वालुकाश्म जाडाभरडा, पांढरट, खडे असलेला असतो, त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची बरीच माती झालेली असते. राणीगंजचा बारीक ते मध्यम दाण्याचा, करडा-हिरवट, अभ्रकाने चमकणारा, आणि पुष्कळदा चुनखडीने जोडलेला. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसतो. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण दहा पेट्या पाहिल्या की हात बसतो. शिवाय बोअरमध्ये उपकरण सोडून काढलेले आलेख असतात. कोळशावर घनता आणि गॅमा (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग) दोन्ही दणक्यात खाली येतात, उलट कोळसट शेलवर गॅमा चढतो. कोळसा ठिसूळ असल्याने गाभ्यात त्याचा चुरा होऊन हरवतो, म्हणून जाडीच्या बाबतीत मी पेटीपेक्षा आलेखावर विश्वास ठेवतो. चार बोअरचे आलेख शेजारी-शेजारी लावा. थराच्या वर-खाली त्याच खुणा त्याच क्रमाने येत असतील तर जोडणी बरोबर.

आता तो ‘अँथ्रासाइट’. साहेबांना हळूच सांगा की पार्टी पुढे ढकला. भारतात अँथ्रासाइटच्या जवळ जाणारा कोळसा जम्मूच्या कालाकोट भागात मिळतो, आणि तो राणीगंजपेक्षा खूप तरुण आहे. हिमालय घडतानाच्या दाबाने तो तसा झाला. राणीगंजमध्ये एकाच थरात ८०० मीटरवर व्होलाटाइल ३३ वरून ८ वर येत असेल तर तो कोळसा भाजलेला आहे. तिथल्या भाषेत झामा. तुमच्या दुसऱ्या बोअरच्या लॉगमध्ये १३९ मीटरवर ‘लॅम्प्रोफायर’ असा एक शब्द आहे, तुम्ही तो आकड्यांच्या गर्दीत सोडून दिला असेल. तोच आरोपी. अभ्रकयुक्त पेरिडोटाइट किंवा लॅम्प्रोफायर म्हणतात तो खडक, क्रिटेशियस काळात, राजमहालच्या ज्वालामुखीच्या सुमारास, वितळलेल्या रूपात या खोऱ्यात घुसला. आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या सुमारे पाच कोटी वर्षं आधीची ही गोष्ट. कोळशाचा थर दगडांपेक्षा कमकुवत, म्हणून हा रस पुष्कळदा नेमका कोळशाच्याच पातळीने आडवा पसरतो आणि त्याला जागच्या जागी भाजून काढतो. याखेरीज डोलेराइटच्या, म्हणजे बसाल्टच्याच जातीच्या खडकाच्या, उभ्या भिंती आहेत, साल्मा डाइक त्यांतली प्रसिद्ध.

झामा दिसायला करडा, कडक, सच्छिद्र, कधी खांबासारखे तुकडे पडणारा. पेटवायला त्रासदायक. राख वाढते, या खडकात अ‍ॅपेटाइट हे फॉस्फरसचं खनिज असल्यामुळे फॉस्फरसही वाढू शकतो, म्हणून पोलादवालेही त्याच्याकडे पाठ फिरवतात. वीज केंद्राला तर तो नकोच असतो. तेव्हा या बोअरभोवतीचा कोळसा साठ्यात मोजलाय की वगळलाय, हे आधी पाहा. भाजलेला भाग किती पसरला आहे ते एका बोअरवरून सांगता येत नाही. उभी भिंत असेल तर बहुधा काही मीटरचा पट्टा जातो. आडवी चादर असेल तर थराचा मोठा तुकडा जाऊ शकतो. पहिल्या आणि तिसऱ्या बोअरमध्ये काही नाही याचा अर्थ चादर १७०० मीटरपेक्षा लहान आहे, एवढंच. पूर्व-पश्चिमेला ती कुठवर जाते? तिथे बोअरच नाही.

वणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं, कारण तो आपल्या घरचा आहे. वर्धा खोऱ्यातला तुमचा १५-२० मीटर जाडीचा थर बराकरचा, म्हणजे ‘खालचा’. खालचा असून तो घुग्घुस-वणी-बल्लारपूर पट्ट्यात कितीतरी ठिकाणी उघड्या खाणीने निघतो. साहेबांच्या व्याख्येची इथे उलट्या बाजूनेही विकेट पडते. त्याच्यावर तुम्ही लहानपणी पाहिलेला तांबूस-पिवळा वालुकाश्म असतो, कामठी समूह. नाव नागपूरजवळच्या कामठीचं. या कामठीचा काही भाग काळाने राणीगंज समूहाच्याच वेळचा आहे. म्हणजे बंगालमध्ये वरचा कोळसा साचत होता तेव्हा विदर्भातही नद्या वाहत होत्या, ग्लॉसोप्टेरिसची झाडं होती, पानांचे ठसे कामठीच्या दगडात सापडतात. मग कोळसा का नाही? झाडं असून भागत नाही, ती पाण्याखाली पुरली जावी लागतात. राणीगंजमध्ये जमीन संथपणे पण सतत खचत राहिली, पाण्याची पातळी वर राहिली, दलदली पुन्हा पुन्हा तयार झाल्या आणि वाळूखाली गाडल्या गेल्या. म्हणून तिथे वालुकाश्म, शेल, कोळसा हे चक्र परत परत येतं आणि एका जाड थराऐवजी अनेक मध्यम थर मिळतात. आपल्याकडे बराकरनंतर आधी झीज झाली, मग त्यावर कामठीच्या नद्यांनी वाळू ओतली. पाणी खेळतं, हवा लागती, पाला कुजून गेला आणि लोह गंजून दगड तांबडा झाला. सातपुड्यात, पेंच-कन्हानच्या बाजूला, याच काळाचा बिजोरी समूह आहे. त्यात कोळसट शेल येतं, पण खाण काढावी असं काही नाही.

आणि राणीगंज समूहानंतर तर जगातच कोळसा थांबला. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा तो महाविनाश, त्यात ग्लॉसोप्टेरिसची जंगलं संपली. पुढची काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षं जगात कुठेच नावाजण्यासारखा कोळसा साचला नाही. पंचेतच्या मातीत लिस्ट्रोसॉरस नावाच्या डुकराएवढ्या प्राण्याची हाडं मिळतात, तोच प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतो. व्यवहाराच्या भाषेत याचा अर्थ असा, की चौथ्या बोअरमध्ये वरचे दोनेकशे मीटर लाल-हिरव्या मातकट थरांचे लिहिले असतील तर ते पंचेत आहे आणि त्यात कोळसा शोधत बसू नये. पण तो पाहून बोअर बंदही करू नये, कारण खरा माल त्याच्या खालीच सुरू होतो.

दर्जाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी वित्तवाल्या माणसाला ते लागणारच. ढोबळ नियम असा की राणीगंज समूहाचा कोळसा बराकरच्या मानाने चमकदार, व्होलाटाइल जास्त, ओलावा जास्त, आणि पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक बनवायला बहुतेक कमकुवत. झरियाचा नावाजलेला कोकिंग कोळसा बराकरमधला. पण राणीगंजमध्येही पश्चिमेचा आणि पूर्वेचा कोळसा एक नाही. डिशेरगढकडे ओलावा कमी, पूर्वेला जांबाद-पांडवेश्वरकडे गेलं की वाढतो. तुमचा ब्लॉक आसनसोलच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर बरंच अवलंबून. आता किंमत जी-१ ते जी-१७ या उष्मांकाच्या श्रेणींवर ठरते. तेव्हा तक्त्यातला उष्मांक कोणत्या ओलाव्यावर काढलाय ते विचारा. हवेत वाळवलेल्या नमुन्याचा आकडा गोड दिसतो, वॅगनमधल्या ओल्या कोळशाचा तेवढा गोड नसतो. पूर्वेकडच्या कोळशात ही तफावत जास्त बोचते.

एक धोका मात्र साध्या भूशास्त्राच्या पलीकडचा आहे. राणीगंज ही देशातली सर्वांत जुनी कोळसा-भूमी, १७७४ पासून खणलेली. गिरणगावातल्या चिमण्यांना बोटीने बंगालचा कोळसा यायचा तोही याच भागातून. उथळ भागात, म्हणजे तुमच्या पहिल्या बोअरच्या आसपास, नकाशात नसलेल्या जुन्या गॅलऱ्या असू शकतात, बहुधा पाण्याने भरलेल्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये महाबीर कोलियरीत असंच साचलेलं पाणी आत घुसलं. ६५ खाणकामगारांना जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूलमधून एकेक करून वर काढलं, सहा जण वाचले नाहीत. तेव्हा ९२ मीटरवरचा स्वस्त कोळसा दिसला की आधी विचारायचं, तो अजून तिथे आहे का? ड्रिलिंगच्या नोंदीत ‘पाणी अचानक गायब’ किंवा ‘रॉड खाली पडला’ असं कुठे लिहिलंय का ते बघा. दोन शब्दांची नोंद असते, पण ती पोकळीची असते.

आतापर्यंतचं थोडक्यात: पहिली तीन बोअर एकमेकांशी जुळतात, दुसऱ्यातला कोळसा भाजलेला आहे, आणि चौथ्याच्या आधी बहुधा काहीतरी तुटलं आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी लपवलं काहीच नाही, फक्त जोडून सांगितलं नाही.

तुम्ही कंपनीकडून तीन गोष्टी मागवा. थराच्या तळाचा समोच्च नकाशा (सारख्या उंचीच्या रेषांचा), चारही बोअरचे घनता-गॅमा आलेख, आणि तिसऱ्या-चौथ्या बोअरच्या गाभ्यातल्या उताराच्या नोंदी. शेवटची सर्वांत आधी पाठवा. त्या एका पानावर दीडशे मीटरचा हिशेब लागेल, आणि मग साहेबांशी बोलायला जाताना तुमच्याकडे अंदाजाऐवजी अंश असतील.